सहीला आयाळ फुटली त्याची गोष्ट

एका जंगलात, मुलांनो, एक कार्यालय होते. सिंह, वाघ, कोल्हा ही मंडळीही होती, पण ती सगळ्याच जंगलांत असतात. कार्यालय सगळ्या जंगलांत नसते. जिथे नसते, तिथले प्राणी एकमेकांना सुखाने खातात.

ह्या कार्यालयात सिंहमहाराज रोज सकाळी दोन तास बसत आणि अर्जांवर सह्या करत. अक्षर मात्र लिहीत नसत. अक्षर लिहिले की कोणीतरी त्याचा अर्थ काढतो आणि तो अर्थ घेऊन परत दारात येतो. म्हणून थोरल्या महाराजांपासून एक पद्धत पडली होती. हिरव्या शाईने सही म्हणजे मंजूर. लाल शाईने सही म्हणजे नामंजूर. बाकी कागदावर काही नाही. शब्द फिरवता येतो, शाई फिरवता येत नाही, असे थोरले महाराज म्हणत. ते फार शहाणे होते. तसे कार्यालयाच्या भिंतीवर लिहिलेच होते.

महाराज अर्ज ऐकत, आयाळ हलवत आणि म्हणत, "हिरवी द्या." नाहीतर म्हणत, "लाल द्या." मग हेडक्लार्क हरबाजी वानर तशी झरणी त्यांच्या पंजात देई. झरणी म्हणजे शाईचे पेन. तुमच्या आजोबांच्या सदऱ्याच्या खिशाखाली जो निळा डाग आहे ना, तो असल्याच पेनाने पाडलेला आहे.

सही झाली की अर्जदार कागद घेऊन बाहेर येई आणि हरबाजीच्या खिडकीपुढे रांगेत उभा राही. खिडकीवर पाटी होती : 'सहीचा रंग येथे सांगितला जाईल.' अर्जदार दोन केळी ठेवी. हरबाजी कागद उजेडात धरी आणि सांगे, "लाल. पुढचा कोण?"

आता तुम्ही विचाराल, रंग सांगायला वानर कशाला? अर्जदारांना डोळे नव्हते का?

होते की. पण डोळ्याडोळ्यांत फरक असतो. ससा, हरीण, अस्वल, गवा, सगळ्यांना हिरवे आणि लाल सारखेच दिसे. मातकट. देवाने डोळे वाटले तेव्हा हे दोन रंग त्याने पाखरांना आणि माकडांना दिले, आणि बाकीच्यांना नाक आणि कान देऊन वाटेला लावले. ह्यात लाजण्यासारखे काही नव्हते.

पण जंगलात राहायचे तर प्रत्येकाला एक प्रतिज्ञापत्र द्यावे लागे. त्यातले पहिलेच वाक्य होते : 'मला सर्व रंग दिसतात.' खाली पायाचा ठसा. सशाला वाटले, सगळ्यांना दिसत असणार, आपल्या एकट्याचेच डोळे खराब. उगाच कशाला बोभाटा? त्याने ठसा दिला. हरणालाही तसेच वाटले. गव्यालाही तसेच वाटले. असे करत करत सगळे जंगल रंग पाहू लागले.

वासावरून कोणाला शाई ओळखता आली असती म्हणाल, तर हरबाजीने फार पूर्वीच नियम केला होता की दोन्ही शायांत केवडा घालावा. कारभार सुगंधी हवा, असे त्याने टिपणीत लिहिले होते. आणि पाखरांना तर कार्यालयात बंदीच होती. ती कागदांवर शिटतात, हे कारण. कारण खरेही होते.

ह्या दोन्ही शाया करणारा होता चिंधू साळिंदर.

चिंधूचा आजा शाई करायचा, बाप शाई करायचा, चिंधूही शाई करायचा. झरण्याही त्याच्याच. पाठीचा एखादा पोकळ काटा गळून पडला की चिंधू तो घासायचा, टोकाला बारीक चीर द्यायचा, आत शाई भरायचा आणि कार्यालयात नेऊन द्यायचा. स्वतःच्या अंगातून लेखणी काढून देणारा असा नोकर जंगलात दुसरा नव्हता. त्याबद्दल त्याला कोणी शाबासकी दिली नव्हती. काटे तर त्याला फुकटच उगवतात, असे हरबाजीचे म्हणणे.

चिंधूचे बीळ कार्यालयाच्या आवारात, एका जुन्या जांभळीखाली होते. आज्याने खणलेले, बापाने वाढवलेले. चिंधूची तीन पिल्ले तिथेच जन्मली आणि तिथूनच आपापल्या वाटेने गेली. आता तो आणि गोजराबाई दोघेच राहत.

एके दिवशी हरबाजीने टिपणी ठेवली : जुन्या फायलींना जागा नाही, साळिंदराचे बीळ ताब्यात घ्यावे. जुन्या फायलींचे निमित्त होते. त्याला हवी होती जांभळी. खाली सात-आठ इंची काट्यांचे कुटुंब नांदत असले की वरून जांभळे पाडायला उतरणाऱ्याला धाकधूक वाटते.

चिंधूने अर्ज केला. महाराजांनी तो ऐकला आणि हसले.

"अरे, बिळात फायली? वाळवी खाईल. राहा तू आपला. हिरवी द्या!"

चिंधू नाचतच खिडकीपाशी गेला. हरबाजीने कागद उजेडात धरला. "लाल," तो म्हणाला.

चिंधूने दुसरा अर्ज केला. महाराज पुन्हा म्हणाले, "राहा रे बाबा." खिडकीवर पुन्हा लाल.

"तोंडात साखर आणि पंजात नखं," गोजराबाई म्हणाली. "राजे असेच असतात. तुम्ही उगीच त्यांच्या बोलण्यावर जाता."

नियम असा होता की तीनदा लाल आली की विषय मिटला. तिसरा अर्ज पौर्णिमेच्या बैठकीत यायचा होता. चिंधूची झोप उडाली होती. बिळात पाय टाकला की त्याला वाटे, हे आता मोजून इतके दिवस. त्याला फार वाईट वाटत होते, आणि वाईट वाटत असताना शाईही करावीच लागत होती.

त्यातच त्या साली मंजिष्ठेची वेल गेली. लाल शाई मंजिष्ठेच्या मुळांची होई. डुकरांनी मुळे उकरून खाल्ली आणि लाल दौत रिकामी पडली. हरबाजीचा निरोप आला, "लाल लवकर पाठव. हिरवी नसली तरी चालेल."

चिंधू पळसाकडे गेला. पळस नुकताच फुलला होता. त्याने फुले वेचली, उकळली, गाळली. त्यात शेंदरीच्या बिया कुटून घातल्या. तुरटी घातली, बाभळीचा डिंक घातला, नियमाचा केवडा घातला. रस मडक्यात दोन दिवस निवू दिला. मग झरणीत भरून सागाच्या पानावर एक मोठा फराटा ओढला.

शाई झरली ती अशी सरळ, की झरणीला दाबावे लागलेच नाही. पानावर फुटली नाही, मागे उमटली नाही, टोकाशी अडली नाही. फक्त वाळायला वेळ घेई. घाईने पंजा ठेवला तर पंजा रंगे. चिंधूने मनात म्हटले, एवढा दोष कोणात नसतो?

आणि मग त्याला ते दिसले.

फराट्याची सुरुवात फिकी होती. मध्ये गडद झाली होती. जिथे शाई साचली तिथे दाट, जिथे झरणी उचलली तिथे पातळ. एकाच ओळीत ऊनही होते आणि सावलीही होती. आजवर त्याने केलेली प्रत्येक शाई त्याला चिखलासारखी सपाट दिसली होती. साठ मडकी हिरवी आणि साठ मडकी लाल करून त्याने कधी कुठल्याही शाईकडे दोनदा पाहिले नव्हते. पाहण्यासारखे काही नव्हतेच. आज तो दुपारभर नुसते फराटे ओढत बसला. त्याला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आले.

"कसली रे शेंदरी शाई केलीस!" वरून आवाज आला.

पळसाच्या फांदीवर तांबटमावशी बसली होती. तांबट म्हणजे तो इवलासा हिरवा पक्षी, दिवसभर टुक टुक करतो ना, तोच. दिसत नाही, पण गप्पही बसत नाही.

"शेंदरी म्हणजे कशी, मावशी?" चिंधूने विचारले.

"लाल म्हणावी तर केशरी, केशरी म्हणावी तर लाल. ओली असते तेव्हा लाल, वाळते तशी केशरीकडे झुकते. अगदी वाघासारखी."

"कुठला वाघ?"

"आपला वाघ रे. शेंदरीच नाही का तो?"

चिंधूने झरणी खाली ठेवली. "वाघ झुडपाच्या रंगाचा असतो, मावशी. सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून तर गवतात दिसत नाही."

तांबटमावशी टुकटुक करायची थांबली. ती आयुष्यात दोनदाच थांबली होती. त्यातली ही दुसरी वेळ.

"तुम्हाला वाघ झुडपासारखा दिसतो?" ती म्हणाली. "अरे देवा! आम्ही वरून बघतो, एवढं शेंदरी धूड गवतातून येतंय आणि हरणं आपली चरतायत. मला वाटायचं, हरणं धीराची आहेत."

 चिंधूने इकडे तिकडे पाहिले आणि जन्मात पहिल्यांदा ते बोलला. "मला रंग दिसत नाहीत, मावशी. कोणाला सांगू नकोस."

"तुलाच काय, तुमच्यात कोणालाच दिसत नाहीत. एक तो वानर सोडला तर."

"महाराजांना?"

"सिंहाला? छे! मांजरच ते, आकाराने मोठं एवढंच."

चिंधूने बिळातून आपले दोन जुने अर्ज आणले. मावशीने मान वाकडी करून पाहिले. "दोन्ही लाल," ती म्हणाली.

 चिंधूच्या डोक्यात हळूहळू उजाडले. महाराज हिरवी म्हणाले होते. मनापासून म्हणाले होते. त्यांच्या पंजात दिली गेली लाल, आणि त्यांना ती हिरवीच वाटली. हरबाजी खिडकीवर कधी खोटे बोलत नव्हता. त्याला गरजच नव्हती.

"म्हणजे महाराज वाईट नाहीत," घरी येऊन चिंधू म्हणाला. "नुसते आंधळे आहेत."

"मग फरक काय पडला?" गोजराबाई म्हणाली.

"पडला तर! ही नवी शाई बघ. हिच्यात ऊन-सावली दिसते. हिरवी सपाट असते. महाराज हिरवी म्हणाले आणि सही ऊन-सावलीची उमटली, तर सगळ्यांना कळेल लाल कुठली ते. खिडकीची गरजच उरणार नाही."

गोजराबाईने फराट्याकडे पाहिले. तिलाही दिसले. "छान आहे हो," ती म्हणाली. "पण अहो, जपून. ज्याचं पोट खिडकीवर चालतं, त्याच्या खिडकीला हात लावू नये."

चिंधूला तेव्हा शहाणपण ऐकायची इच्छा नव्हती. नवी शाई जमलेल्या माणसाला ती कधीच नसते, आणि साळिंदरालाही नसते.

नवी शाई आली की शाई-तपासणी समिती बसे. समितीत गवा, अस्वल आणि रानडुक्कर होते. पुढ्यात दोन दौती ठेवल्या, जुनी हिरवी आणि नवी पळसाची.

"लाल आहे," अस्वल म्हणाले. "चांगली लालबुंद आहे."

"जरा जास्तच लाल नाही का?" डुक्कर म्हणाले. समितीत काहीतरी हरकत घ्यावी लागते.

"लाल पाहिलं की माझं डोकं फिरतं," गवा म्हणाला. "बघा, फिरायला लागलं!" आणि त्याने फुसफुसत शिंगे रोखली ती हिरव्या दौतीवर.

हरबाजीने नवी शाई पाहिली. ती लालपेक्षा केशरी आहे हे त्याला दिसले. पण तसे म्हटले तर ही तिघे विचारणार, कशावरून? आणि मग कोण काय पाहू शकते ह्याची चर्चा सुरू होणार. ती चर्चा त्याला नको होती. शाईतली ऊन-सावली त्याच्या लक्षातच आली नाही. ज्याला रंग दिसतो तो रंगच बघतो. त्याने शेरा मारला : 'लाल. वापरास योग्य.'

पौर्णिमेची बैठक भरली. सगळे जंगल जमले होते. चिंधू आणि गोजराबाई मागच्या रांगेत बसले होते. चिंधूने पाठीचे काटे दाबून धरले होते, पण त्यांची सळसळ थांबत नव्हती.

पहिला अर्ज सशाचा. नदीकाठचे कुरण सशांकडे राहावे, असा.

"राहू दे की," महाराज म्हणाले. "हिरवी द्या."

हरबाजीने झरणी दिली. महाराजांनी सही केली. सही म्हणजे पंजाचे चार फराटे. केली, आणि ते तसेच वाकून बघत राहिले. ओले फराटे गडद होते. वाळू लागले तसे टोकांना फिके होत गेले, मध्ये गडद राहिले.

"हरबाजी," महाराज दबल्या आवाजात म्हणाले, "माझ्या सहीला आयाळ फुटली!"

सगळे दरबारी पुढे झुकले. सगळ्यांना दिसली. जंगलात पहिल्यांदाच सगळ्यांना एकच गोष्ट दिसत होती. "वा!" अस्वल म्हणाले, आणि ह्या वेळी ते खरेच बोलत होते.

दुसरा अर्ज कोल्ह्याचा. तेच कुरण त्याला हवे होते.

"काहीतरीच," महाराज म्हणाले. "लाल द्या."

कोल्ह्याने आदल्या दिवशीच हरबाजीकडे पिकलेल्या फणसाचे गरे पोचवले होते. हरबाजीने झरणी दिली. सही उमटली. सपाट.

"ही का बोडकी?" महाराजांनी तोंड वाकडे केले. "मघाचीच आणा. तीच शोभते आम्हाला."

तिसरा अर्ज चिंधूचा. चिंधू उठला. 

"महाराज," तो म्हणाला, "सही करण्याआधी एक सांगू? आयाळवाली शाई माझी आहे. पळसाची. ती मी लाल दौतीसाठी केली. आयाळ फुटते ती लाल आणि सपाट असते ती हिरवी. मघा आपण सशाला हिरवी म्हणालात, आणि सही उमटली आयाळवाली. कोल्ह्याला लाल म्हणालात, तर सपाट उमटली. आपण बोलता एक आणि पंजात येतं दुसरंच."

एवढी शांतता पसरली की आवाराबाहेरच्या पळसावर तांबटमावशी टुकटुकत होती ते आत ऐकू आले.

महाराजांनी सशाचा कागद पाहिला. कोल्ह्याचा पाहिला. त्यांना कळले. ते राजे होते, मूर्ख नव्हते. चिंधू खरे बोलतोय म्हणावे, तर इतकी वर्षे आपल्याला रंग दिसत नव्हते हे भर दरबारात म्हणावे लागेल. त्यांच्याही नावाचे प्रतिज्ञापत्र होते. सगळ्यात वरचे.

त्यांनी गव्याकडे वळून विचारले, "गवेराव, आयाळवाली सही तुम्हाला कुठल्या रंगाची दिसते?"

गव्याने घसा खाकरला. "महाराजांना दिसते त्याच रंगाची."

"आम्हाला हिरवी दिसते."

"हिरवी!" सगळा दरबार ओरडला. "गर्द हिरवी!" डुक्कर म्हणाले, "जरा जास्तच हिरवी."

"ठरलं," महाराज म्हणाले. "आयाळवाली शाई हिरवी. आता तुझा अर्ज, चिंधू. तुझं बीळ तुला राहू दे. मी पहिल्यापासून तेच म्हणतोय." आणि त्यांनी आयाळवाली झरणी घेऊन चिंधूच्या अर्जावर ऐटदार सही ठोकली.

चिंधूच्या मनात आले, जाऊ दे. लाल काय आणि हिरवी काय, बीळ तर राहिले. गोजराबाईने डोळ्यांना पदर लावला. साळिंदराला पदर कुठला, असे विचारू नका, मुलांनो. असल्या प्रसंगी तो असतो.

तेवढ्यात हरबाजी उठला. तो मुळीच चिडलेला नव्हता. चिडणारी माणसे हेडक्लार्क होत नाहीत.

"महाराज, एक बारीकशी बाब," तो म्हणाला. "शाई हिरवी आहे हे आता ठरलं. मग लाल दौतीत हिरवी शाई भरली कोणी?"

सगळ्यांनी चिंधूकडे पाहिले.

"चिंधोबा," हरबाजी गोड आवाजात म्हणाला, "घाबरू नका. तुमची शाई कुठल्या रंगाची आहे, तेवढं सांगा."

शाई लाल म्हणावे, तर महाराज खोटे. हिरवी म्हणावे, तर लाल दौतीत हिरवी भरली म्हणून आपण लबाड. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या वाटेवर हरबाजी. चिंधूने गोजराबाईकडे पाहिले. तिने नको नको अशी मान हलवली. ह्याला आता काय सुचणार ते तिला नेमके ठाऊक होते. तीस वर्षांचा संसार होता.

"खरं सांगू?" चिंधू म्हणाला. "मला रंग दिसत नाहीत. लालही नाही, हिरवाही नाही. कधीच दिसले नाहीत."

सशाचे कान ताठ झाले. हरणाने मान वर केली. अस्वलाने तोंड उघडले आणि मिटले. प्रत्येकाच्या जिभेवर एकच वाक्य आले होते : मलाही नाही. महाराज चिंधूकडे फार वेळ पाहत राहिले. त्यांच्याही जिभेवर ते आले असावे. कोणी एकाने जरी म्हटले असते, तर ही गोष्ट इथे वेगळ्या वाटेने गेली असती आणि मला तात्पर्य सांगायचे कष्ट पडले नसते.

कोणी म्हटले नाही.

"म्हणजे प्रतिज्ञापत्र खोटं," हरबाजी म्हणाला. "शाईवाल्याचं पद गेलं. पदाबरोबर आवारातली जागाही जाते, नियम सात. महाराज, हुकमावर सही."

महाराजांनी मान दुसरीकडे फिरवली आणि आयाळवाली झरणी उचलली.

चिंधूच्या हातात दोन कागद आले. एकात होते, बीळ तुला राहू दे. दुसऱ्यात होते, बीळ रिकामे कर. दोन्हींवर सही सारखीच देखणी, सारखीच आयाळवाली.

"ह्यातला कुठला खरा?" चिंधूने विचारले.

"दोन्ही मंजूर आहेत," हरबाजी म्हणाला. "पण दुसरा नंतरचा."

चिंधू आणि गोजराबाई दुसऱ्या दिवशी निघाले. आवाराबाहेर, पळसाखाली, नवे बीळ खणायला लागले. म्हातारपणी खणायचे म्हणजे नखे झिजतात. आज्याच्या बिळाची आठवण आली की चिंधू खणता खणता थांबे.  गोजराबाई त्याच्या वाटणीचेही खणून टाकी.

इकडे कार्यालयात शाईवाल्याची जागा निघाली. 'सर्व रंग दिसणारा उमेदवार पाहिजे.' शेहेचाळीस अर्ज आले. निवड झाली चिचुंद्रीची. तिला रंग तर सोडाच, समोरची भिंतही दिसत नसे. पण तिचा प्रतिज्ञापत्रावरचा ठसा सगळ्यात ठळक होता.

तिच्या शाईला काही आयाळ फुटेना. महाराज रुसले. मग दर आठवड्याला मागच्या दाराने एक रिकामे मडके पळसाखाली येऊ लागले. चिंधू ते भरून पाठवी. नाही म्हणावेसे त्याला अनेकदा वाटले. पण शाई इतकी चांगली झरे की त्याच्याने राहवत नसे. कारागिराची खोड मोडत नाही, बीळ मोडले तरी.

महाराज आता बोडकी सही करायला तयारच नसत. मंजूर असो, नामंजूर असो, झरणी एकच. कुरण सशांना मंजूर झाले आणि पुन्हा अर्ज केल्यावर कोल्ह्यालाही मंजूर झाले. हरणांना वाघापासून संरक्षण मंजूर झाले, वाघाला हरणे मंजूर झाली. सगळे जंगल हातात मंजुरी घेऊन फिरू लागले. हरबाजीने खिडकीवरची पाटी बदलली : 'मंजूर कागदांपैकी खरा कोणता, ते येथे सांगितले जाईल.' रांग पूर्वीपेक्षा लांब झाली आणि केळी दोनाची चार झाली. कुठेही जा, पळसाला पाने तीनच, म्हणतात ते काही उगीच नाही.

चिंधूने आपल्या नव्या बिळावरही एक पाटी लावली. आपल्याच शाईने लिहिली : 'येथे शाई मिळते. रंग पाखरांना विचारावा.'

एके दुपारी सगळे कार्यालय जेवून डुलक्या घेत होते. चिंधूने त्याच पाटीवर पुन्हा एक हात दिला होता आणि शाई ओली होती. गवत हलले आणि महाराज आले. एकटेच. ते पाटीपाशी उभे राहिले.

"चिंधू," ते हळूच म्हणाले, "वाघ शेंदरी आहे म्हणतात. खरं का?"

"पाखरं म्हणतात, महाराज. ह्या शाईसारखाच."

"हं. आणि मी?"

"पिवळे."

"ते दिसतं मला," महाराज म्हणाले. मग पाटीकडे बघत म्हणाले, "मला वाटायचं, मला एकट्यालाच दिसत नाही."

"सगळ्यांना तसंच वाटतं, महाराज."

"मग बोलत का नाहीत?"

 चिंधूने नुसते आपल्या नव्या बिळाकडे पाहिले. महाराजांनीही पाहिले. बीळ लहान होते. महाराजांचा चेहरा पडला, आणि त्यांनी तोल सावरायला म्हणून पंजा टेकला तो नेमका पाटीवर.

"उद्या बोलतो मी," ते म्हणाले. "दरबारात. उद्या नक्की." आणि ते लगबगीने निघून गेले. चिंधूने आत जाऊन गोजराबाईला सांगितले. त्या रात्री दोघांनी खणायचे काम बंद ठेवले. जुन्या बिळात परत जायचे असेल, तर हे कशाला वाढवा?

दुसऱ्या दिवशी तांबटमावशी कार्यालयाच्या कौलांवर जाऊन बसली. दुपारी उडत आली.

"बोलले का?" चिंधूने विचारले.

"बोलायला उभे राहिले होते," मावशी म्हणाली. "पण त्यांच्या अख्ख्या पंजाला तुझ्या पाटीची शाई लागली होती रे. चांगली शेंदरी. दरबारात कोणाला दिसली नाही, त्यांना स्वतःलाही नाही. हरबाजीला दिसली. त्याने पंजाकडे पाहिलं, मग पळसाकडे पाहिलं, आणि नवा कागद पुढे ठेवला. प्रतिज्ञापत्र सुधारलंय. आता 'मला सर्व रंग दिसतात' एवढ्यावर भागत नाही. 'मला सर्व रंग स्पष्ट दिसतात, आणि त्याबद्दल मी पाखरांकडे चौकशी केलेली नाही.'"

"आणि महाराज?"

"पहिली सही त्यांचीच. काय आयाळ फुटली होती म्हणून सांगू!"

 चिंधूने फावडे म्हणून वापरायचे ते जुने हाड उचलले आणि बीळ पुढे खणायला घेतले. गोजराबाई आधीच आत खणत होती.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरे बोलावे, पण आपले बीळ आवाराबाहेर खणून झाल्यावर. आणि शाई करायचीच असेल तर अशी करावी की तिने नुसते लिहावे. जिच्यात काही दिसते, ती शाई चांगली नव्हे.